"पोस्टरच ना रे हे?" – लिमिटेड एडिशन प्रिंट घेतो म्हणजे आपण नक्की घेतो काय

मागच्या दिवाळीत एक मित्र फराळाला आला होता, हॉलमधल्या भिंतीकडे बघत चकली खात खात म्हणाला, "पोस्टरच ना रे हे? कितीला पडलं?" मी आकडा सांगितला. त्याने चकली खाली ठेवली. मग बायकोकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुम्हाला माहितीये का हे?" वहिनीला माहीत नव्हतं, म्हणजे त्या क्षणापर्यंत नव्हतं, तर तो फराळ तिथेच संपला असं समजा. पण प्रश्न चुकीचा नव्हता हो. मोजक्या प्रतींत कागदावर छापलेलं चित्र, त्यात पण एक जुनाट व्हिडिओ गेमसारखं चौकोनी चौकोनी भूत, अशी शंभर भुतं नेटवरून फुकट डाउनलोड होतात, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोनशे रुपयांत ए-थ्री कलर प्रिंट निघते. मग त्या कागदात आहे काय? त्या दिवशी मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता सांगतो, जरा लांबण लागेल.

सुरुवात गेमपासूनच करावी लागते. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने स्पेस इन्व्हेडर्स काढला, बनवणारा माणूस तोमोहिरो निशिकादो, आणि या बाबाने नुसता गेम नाही तर तो चालवणारं हार्डवेअरसुद्धा स्वतःच जुळवलं. स्क्रीनवर पाच रांगा, एका रांगेत अकरा, असे पंचावन्न परग्रहवासी, कोणी ऑक्टोपससारखा कोणी खेकड्यासारखा. प्रोसेसर बिचारा एवढा मंद की पंचावन्न जणांना हलवताना त्याची दमछाक व्हायची, तुम्ही एकेकाला मारत गेलात की त्याचं काम कमी आणि उरलेले जास्त जोरात पळायला लागायचे. ही खरं तर मशीनची मर्यादा, पण खेळताना छाती धडधडायला लागते ती यामुळेच, म्हणून निशिकादोंनी ती तशीच राहू दिली. आणि अजून एक गंमत, ती पुढे कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेवा: मूळचा स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट होता. रंग दिसायचे ते काचेवर लावलेल्या रंगीत जिलेटिन पट्ट्यांमुळे. वरचा पट्टा एका रंगाचा, खालचा दुसऱ्या. म्हणजे चित्र वेगळं आणि रंग वेगळा, एकावर एक ठेवलेला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात हे सगळं आलं ते मात्र टीव्हीला जोडायच्या डबड्यातून, पिवळी कॅसेट, चालली नाही की काढून फुंकर मारायची, वर लिहिलेलं ९९९९ इन वन आणि आत गेम मोजून आठ, तेच फिरून फिरून. त्या एट-बिट मशीनमध्ये चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनायचं आणि हलणाऱ्या पात्राच्या एका तुकड्याला रंग फक्त तीन, चौथा म्हणजे आरपार. मारिओला मिशी आणि टोपी का आहे? कारण १९८१ साली डाँकी काँगसाठी तो काढताना एवढ्याशा ठिपक्यांत तोंड आणि केस दाखवणं जमत नव्हतं, मिशी लावली की तोंड काढायला नको, टोपी घातली की केस काढायला नकोत. सुटला प्रश्न. तर मुद्दा असा की हे चित्र जन्मतःच कंजूष आहे, मोजके रंग, सपाट रंग, शेडिंग जवळपास नाहीच, कडा सरळ. हीच कंजुषी पुढे छपाईला अशी काही मानवली की विचारू नका.

आता भिंतीवर येऊ. पॅरिसमध्ये एक माणूस आहे, तोंड दाखवत नाही, इन्व्हेडर एवढंच नाव लावतो. त्याच्या डोक्यात आलं की गेममधला एक ठिपका म्हणजे बाथरूमची एक टाइल. झालं. १९९८ पासून हा माणूस रात्री शिडी आणि सिमेंट घेऊन बाहेर पडतो आणि शहराच्या भिंतींवर टाइल्सचे परग्रहवासी चिकटवून येतो, कोणाची परवानगी न घेता. प्रत्येकाला शहराचं नाव आणि नंबर असा कोड, प्रत्येकाला गुण सुद्धा, दहापासून शंभरपर्यंत, म्हणजे अख्खं जग एक गेम आणि हा खेळणारा. २०१४ मध्ये त्याने फ्लॅशइन्व्हेडर्स नावाचं ॲप काढलं, तुम्ही रस्त्यावर त्याचं काम शोधायचं, फोनमधून फोटो मारायचा, ते गुण तुमच्या खात्यात. लोक त्यासाठी सुट्ट्या टाकून शहरं फिरतात, खोटं नाही सांगत. चार हजारावं काम २०२२ मध्ये बोलिव्हियातल्या पोटोसीला लावलं, जे शहर स्वतःच समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे हिशोब बघा माणसाचा. २०१५ मध्ये एक तुकडा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोचला. आणि आपल्याकडे २००८ साली येऊन वाराणसीत लावून गेलाय, घाटांच्या गावात गेममधले खेकडे.

भिंतीवरचं फुकट आहे. कोणीही बघा, कोणाच्या मालकीचं नाही, आणि विकायचं पण नाही. मग हा खातो काय? तर प्रत्येक भिंतीवरच्या कामाची तो एक, एकच, जुळी प्रत बनवतो, तिला एलियास म्हणतात, सोबत प्रमाणपत्र. ती विकतो. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या प्रशासनाने त्याची बरीच कामं भिंतींवरून उखडून टाकली, त्यात एक कुंग-फू करणारा कार्टून कुत्रा होता, हाँगकाँग फुई. पुढच्याच वर्षी त्या कुत्र्याची जुळी प्रत सोदबीजच्या लिलावात जवळपास वीस लाख हाँगकाँग डॉलरना गेली. म्हणजे भिंतीवर असताना लोकांनी शेजारून छत्री घेऊन जाताना मान पण वर केली नसेल.

यावर कोणालाही वाटेल की मग जाऊन भिंतीवरचाच काढून आणावा. वाटलं की लोकांना! २०१७ मध्ये पॅरिसमध्ये दोघं जण पालिकेच्या कामगारांसारखी जॅकेटं घालून दिवसाढवळ्या शिडी लावून कामं काढत फिरत होते. पण त्याला अर्थ नाही, कारण टाइल्स काढताना फुटतात, मग तुम्ही दुकानातून तसल्याच टाइल्स आणून जोडणार, आणि प्रमाणपत्राचा कागद नाही, कलाकार ते आपलं मानत नाही, म्हणजे हातात उरल्या बाथरूमच्या टाइल्स. ही गोष्ट मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. खरी वस्तू, खऱ्या भिंतीवरची, कलाकाराच्या हाताने लावलेली, आणि तिला बाजारात किंमत नाही, आणि तिच्या कॉपीला आहे, कारण कॉपीसोबत कागद आहे.

आता एलियास घेणं आपल्या बापजन्मी शक्य नाही (रुबिक क्यूब जोडून त्याने मोनालिसा केली होती, ती २०२० मध्ये पॅरिसच्या लिलावात ४ लाख ८० हजार युरोंना गेली, तेव्हा गप्प बसलेलं बरं). त्याच्या खाली येतात प्रिंट्स. त्याच्याही असतात, त्याही महागच, पण या वाटेवरचे बाकीचे खूप कलाकार आहेत, कोणी भिंतींवर पॅकमॅन काढतं, कोणी स्टेन्सिलने जॉयस्टिक मारतं, आणि त्यातले बरेच जण तेच चित्र शंभर-दोनशे प्रतींत छापून विकतात. माझं भूत त्यातलंच, इंग्लंडमधल्या एका छोट्या स्टुडिओतलं, पंचाहत्तर प्रतींमधलं.

ते छापतात कसं हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त माहीत आहे हे माहीत नव्हतं. माझ्या मामाचा लग्नपत्रिकांचा धंदा. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली नायलॉनची जाळी, जाळीवर केमिकलचा थर, त्यावर फिल्म ठेवून उजेड दाखवायचा, जिथे उजेड लागला तिथे थर घट्ट, जिथे चित्राचा काळा भाग तिथे कच्चा, पाण्याने धुतला की तेवढीच जाळी मोकळी. मग खाली कागद, वर शाई, आणि रबराची पट्टी एका दमात ओढायची. झाला एक रंग. गणपती सोनेरी, "श्री गजानन प्रसन्न" लाल, तर दोन चौकटी. आम्ही पोरं वाळायला ठेवलेल्या पत्रिकांवरून उड्या मारत जायचो आणि मामा ओरडायचा. हेच ते स्क्रीन प्रिंटिंग, लंडन-पॅरिसच्या गॅलरीत ह्यालाच सेरीग्राफ म्हणतात आणि किंमत लावतात.

एक रंग एक चौकट, हे लक्षात घेतलंत की बाकी सगळं आपोआप कळतं. बारा रंगांचं चित्र आणि शंभर प्रती म्हणजे रबर बाराशे वेळा ओढायचं, शिवाय खराब होतील म्हणून जास्तीचे कागद. प्रत्येक रंग आधीच्यावर बरोब्बर बसला पाहिजे, मामाच्या भाषेत रजिस्टर बसलं पाहिजे. पत्रिकेत गणपतीचं सोनं जरा सरकलं तर कोणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष जेवणाची वेळ काय आहे त्याकडे. पण पिक्सेल आर्टमध्ये दोन चौकोनांच्या मध्ये केसाएवढी पांढरी फट दिसली की चित्र गेलं, सरळ कडा असल्यामुळे लपवायला जागाच नाही. म्हणजे जे चित्र दिसायला सगळ्यात सोपं ते छापायला सगळ्यात निर्दयी. पण रंग सपाट आणि मोजके असल्यामुळे स्क्रीन प्रिंटला ते जन्मजात साजेसं पण आहे, तीन रंगांचं भूत म्हणजे तीन चौकटी, ती जिलेटिनच्या पट्ट्यांसारखी गोष्ट, चित्र आणि रंग एकावर एक. जवळून बघितलं तर शाईचा थर किंचित वर आलेला दिसतो, तिरप्या उजेडात चमकतो. फोटोत हे येत नाही. म्हणून फोटो बघून "पोस्टरच आहे" वाटतं, त्यात मित्राचा दोष नाही.

दुसरा प्रकार म्हणजे जिक्ले. नाव फ्रेंच, गोष्ट इंकजेट प्रिंटरची. चांगला प्रिंटर, टिकाऊ पिगमेंट शाई, जाड कापसाचा कागद, हे सगळं मान्य, शेडिंगवाल्या चित्रांना तेच बरोबर, पण "म्युझियम क्वालिटी जिक्ले" वाचून हुरळून जायचं नाही, बटण दाबलं की अजून एक निघते. माझं वैयक्तिक मत, पिक्सेलचं चित्र जिक्लेत घेऊ नये. भांडू नका, मत आहे.

आता तो खालच्या कोपऱ्यातला आकडा. पेन्सिलीने २३/७५ लिहिलेलं असतं. खालचा आकडा एकूण प्रती, वरचा तुमची प्रत. खूप लोकांना वाटतं १/७५ म्हणजे पहिली छापलेली, म्हणून ती भारी. तसं काही नसतं हो, सगळे कागद वाळले की गठ्ठा समोर घेऊन कलाकार सह्या करत बसतो, वरचा कागद कुठला होता कोणाला ठाऊक. तरीही एक नंबरला आणि शेवटच्या नंबरला लोक जास्त पैसे देतात, आपल्याकडे गाडीला ०००७ नंबरसाठी देतात तसं. पेन्सिलच का? कारण ग्रॅफाइट उडत नाही आणि छापून तसं हुबेहूब दाखवणं अवघड, कागदावर हलका दाब आणि चमक असते, बोट न लावता तिरपं धरून बघायचं.

पण पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तरच का? नाही! इथे बारीक अक्षरं वाचायची असतात. एपी लिहिलेल्या प्रती कलाकाराच्या स्वतःच्या, साधारण एकूण प्रतींच्या दहा टक्के धरतात, पीपी छापणाऱ्याच्या, एचसी म्हणजे विक्रीबाहेरच्या, ज्या कालांतराने विक्रीत येतातच. ते सोडा, खरी मेख कलरवेमध्ये, म्हणजे त्याच चित्राच्या वेगवेगळ्या रंगांतल्या आवृत्त्यांमध्ये आहे. तेच भूत निळ्यात ७५, गुलाबीत ५०, सोनेरी फॉइलवाल्यात २०, वर हाताने रंग मारलेल्या १०, म्हणजे चित्र एक आणि प्रती दीडशेच्या वर, प्रत्येकीवर "लिमिटेड". खोटं कोणी बोललं नाही, पण तुम्ही बेरीज केली नाहीत तर तो तुमचा प्रश्न. सही असलेली आणि नसलेली हा अजून एक फरक: बँक्सी, हाही तोंड न दाखवणारा, इंग्लंडचा भिंतीवरचा कलाकार, त्याची ती फुग्यावाली मुलगी, २००४ मध्ये निघाली तेव्हा सहीवाल्या १५० आणि बिनसहीच्या ६००, चित्र तेच, कागदावरचा फरक चार-सहा अक्षरांचा, किंमतीतला फरक कित्येक पटींचा.

आणि इथेच मित्राच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. पूर्वी तांब्याचा पत्रा कोरून छापायचे तेव्हा पत्रा झिजायचा, प्रती आपोआप मर्यादित. स्क्रीनची जाळी छपाई झाल्यावर धुवून टाकतात, पण चित्राची फाइल कॉम्प्युटरमध्ये आहेच की, आणि चित्र तर मुळात कॉम्प्युटरसाठीच जन्मलेलं. हवी तेव्हा नवी चौकट तयार. म्हणजे ७५ वर थांबायला भौतिक कारण काहीच नाही. फक्त एक माणूस म्हणतोय की मी शहात्तरावी छापणार नाही. तुम्ही त्या शब्दाचे पैसे देताय. चित्र सगळ्यांचं आहे, शब्द पंचाहत्तर जणांना दिलाय. ज्या कलाकाराने एकदा "लोकांचा आग्रह" म्हणून दुसरी आवृत्ती काढली त्याचा पुढचा आकडा कोणी मनावर घेत नाही, आणि बरोबरच आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट आपल्याच मातीतली आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढली, नंतर ती लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, लक्ष्मी-सरस्वती अशा छापल्या की घराघरात पोचल्या. तिथे लिमिटेड हा विचारच नव्हता, जितक्या खपतील तितक्या. लोकांनी त्या देव्हाऱ्यात लावल्या, कुंकू लावलं, उदबत्तीचा धूर दिला, बायकांनी चित्रातल्या लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवल्या, आणि चित्र जीर्ण झालं की नदीत सोडलं. त्यामुळे आज त्यातल्या चांगल्या अवस्थेतल्या प्रती दुर्मिळ झाल्या आणि संग्राहक त्या शोधत फिरतात, आणि साडीवर जरी-टिकल्या शिवलेली प्रत असली तर ती खासच मानतात. म्हणजे कोणी शब्द दिला नाही, काळानेच आकडा कमी करत आणला. गुलाबी कागदावर हाताने रंग मारून "हँड फिनिश्ड" म्हणून दुप्पट किंमत लावणाऱ्यांना सांगायला पाहिजे की आमच्या आज्ज्या हे सव्वाशे वर्षांपूर्वी करत होत्या.

विकत घ्यायचं कसं हे थोडक्यात सांगतो कारण तिथे अक्कल कमी आणि नशीब जास्त. कलाकार जाहीर करतो की अमुक दिवशी अमुक वाजता ड्रॉप, म्हणजे विक्री सुरू, तुम्ही कार्ड हातात घेऊन बसता, लंडनची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, आणि बटण दाबेपर्यंत सोल्ड आउट. तात्काळ तिकीट काढणाऱ्याला वेगळं शिकवायला नको. बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम, लावणारे वाढले म्हणून बरेच जण आता लॉटरी काढतात, नाव द्या, लागलं तर पैसे भरा. मग अर्ध्या तासात त्याच प्रती तिप्पट किमतीत दुसरीकडे दिसतात, ते फ्लिपर. पिक्चर्स ऑन वॉल्स म्हणून लंडनची कंपनी होती, २००३ च्या आसपास बँक्सी आणि इतरांचे प्रिंट साध्या लोकांना परवडतील अशा भावात विकायला निघालेली, ती २०१७ च्या शेवटी बंद झाली आणि जाताना त्यांनीच म्हटलं की आमची चित्रं आता नुसती खरेदी-विक्रीची वस्तू झालीयेत. २०२०-२१ मध्ये सगळे घरात बसलेले, पैसे स्वस्त, तेव्हा या बाजाराने उसळी खाल्ली आणि नंतर बऱ्यापैकी खाली पण आला. लिलावात घेतलं तर हातोडा पडला त्या किमतीच्या वर साधारण पाव हिस्सा लिलाव कंपनीचा, तो धरून बोली लावायची. गुंतवणूक म्हणून घेऊ का असं कोणी विचारलं तर मी सांगतो, एफडी कर. भिंतीवर रोज बघायला आवडणार असेल तरच घे.

सेकंडहॅन्ड घेताना एक दहापट भिंग जवळ ठेवा, घड्याळवाल्याकडे असतं तसं, स्वस्तात मिळतं. चौकोनाची कड बघायची. स्क्रीन प्रिंट असेल तर रंग एकसंध, कड ठाम, कुठे कुठे दोन रंग एकमेकांवर जरासे चढलेले. इंकजेट असेल तर बारीक बारीक फवारा दिसतो. आणि फुलासारख्या गोलात मांडलेले निळे-गुलाबी-पिवळे-काळे ठिपके दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे खरंच पोस्टर. त्यानंतर कागदपत्रं: पहिलं बिल, ज्या ईमेलने ऑर्डर झाली तो ईमेल, प्रमाणपत्र, कोपऱ्यात छापखान्याचा उठावाचा शिक्का. बँक्सीसाठी पेस्ट कंट्रोल नावाची अधिकृत व्यवस्था आहे, तिचं प्रमाणपत्र नसेल तर मोठी लिलाव कंपनी हात लावत नाही. छोट्या कलाकाराला सरळ मेसेज करून विचारा, तेवीस नंबर कोणाला विकला होता, बरेच जण वही ठेवतात आणि आनंदाने सांगतात. सातबारा बघितल्याशिवाय आपण जमीन घेत नाही, तसंच.

एक गोंधळ अजून: प्रिंट तुमची झाली म्हणजे चित्र तुमचं झालं नाही. तुम्ही ते टी-शर्टवर छापून विकू शकत नाही, हक्क कलाकाराकडेच, भारतात तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. आणि गेममधल्या पात्राचा हक्क तर कलाकाराकडे पण नाही, पॅकमॅन बंदाई नामकोचा, स्पेस इन्व्हेडर्स टायटोचा. शंभर प्रतींच्या मागे कंपन्या सहसा लागत नाहीत पण लागू शकतात, म्हणून काही जण रीतसर लायसन्स घेतात, तर काही जण पात्र न घेता नुसती ती चौकोनी भाषा उचलतात. माझं भूत पॅकमॅनचं भूत नाहीये, त्याला पाय आहेत. वकिलाने सुचवले असावेत असा माझा संशय आहे.

परदेशातून मागवलं की कस्टम्स आलं. आणि इथे माझ्या मित्राचा खरा विजय आहे. कस्टम्सच्या यादीत कलाकृतींसाठी सत्त्याण्णव नंबरचा वेगळा अध्याय आहे, त्यात "ओरिजिनल प्रिंट" म्हणून जे बसतं त्याची व्याख्या अशी की छपाईचा साचा कलाकाराने पूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेला असावा, यांत्रिक किंवा फोटो प्रक्रिया चालत नाही. आता आमच्या जाळीवर फिल्म ठेवून उजेड दाखवलेला, म्हणजे फोटो प्रक्रिया आलीच. मग ते जातं एकोणपन्नासाव्या अध्यायात, छापील चित्रं, कॅलेंडरांच्या शेजारी. म्हणजे सरकारदरबारीसुद्धा उत्तर तेच निघू शकतं: पोस्टरच ना हे. पार्सलवर विकणाऱ्याने काय लिहिलंय, बिल आत आहे का, किंमत खरी लिहिली आहे का, हे आधी विचारून घ्या, नंतर कुरियरवाल्याशी हुज्जत घालण्यात संध्याकाळ जाते.

शेवटचं म्हणजे सांभाळणं, आणि हे मुंबई-कोकणातल्या लोकांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचा. कागदाचा शत्रू ऊन आणि ओल, आपल्याकडे दोन्ही भरपूर. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीला फ्रेम लावली की मागून ओल येते, कागदाला लाटा येतात, मग तपकिरी ठिपके, मग कसर. आतल्या भिंतीला लावा, फ्रेम आणि भिंतीच्या मध्ये रबराच्या गोळ्या लावून बोटभर हवा ठेवा. कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा आणि तो ॲसिड-फ्री, नाहीतर पाच-सात वर्षांत कडेने पिवळी चौकट उमटते. शक्य असेल तर यूव्ही अडवणारी काच. लॅमिनेशन चुकूनही नाही, एकदा केलं की संपलं. आलेल्या नळीतून लगेच काढून सपाट ठेवा, महिनोन्‌महिने गुंडाळी राहिली तर शाईला तडे जाऊ शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्रेमवाला. आपल्याकडचे फ्रेमवाले देवाच्या तसबिरी आणि साखरपुड्याचे फोटो करण्यात तयार झालेले, चित्र गोंदाने हार्डबोर्डवर चापूनचोपून बसवणं हे त्यांच्या दृष्टीने चांगलं काम. तसं चिकटवलं की प्रिंट बाजारातून बाद, परत सुटत नाही. त्याला सांगायचं, वरच्या दोन टोकांना कागदी बिजागऱ्या, बाकी मोकळं लोंबू दे.

मी हे सगळं सांगितलं होतं. गोंद नको, लॅमिनेशन नको, माउंट पांढरा, सगळं कागदावर लिहून दिलं होतं. चार दिवसांनी फ्रेम आणायला गेलो, काम सुंदर, गोंदाचा थेंब नाही, माउंट पांढरा, भूत अगदी मधोमध. मी खालचा कोपरा बघितला आणि परत बघितला. तो माणूस कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, "खाली मोकळा कागद फार होता साहेब, त्यावर कोणीतरी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं पण होतं, तेवढी पट्टी कापून टाकली, आता कसं, साइज बरोबर बसला." मी विचारलं पट्टी कुठंय. दुकानात खाली बसून दोघांनी कचऱ्याची पिशवी उलटी केली, माउंटचे तुकडे, खिळे, चहाचे कागदी कप. पट्टी नव्हती. रद्दीवाला सकाळीच येऊन गेला होता.